एकविसावी गोटी

जूनच्या पहिल्या रविवारी दुपारी साडेतीन वाजता माझं डावं पारडं खाली गेलं आणि खालीच राहिलं. दोन्ही पारड्यांत गोट्या सारख्याच होत्या. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत, बुद्धविहाराच्या सभागृहात, वर्गातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. कोणाला काही कळेना. मलाही कळलं नाही.

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. माझ्या जन्माविषयी पक्कं असं थोडंच सांगता येतं. दांडी लोखंडाची आहे, पारडी पितळेची आहेत आणि दांडीवर वजनमाप खात्याचे शिक्के आहेत. ते एकावर एक इतके बसलेत की पहिला शिक्का आता वाचता येत नाही. त्याआधीचं मला आठवत नाही, म्हणून ते सांगत नाही.

मला आठवतं ते कुंडलिकरावांचं दुकान. ते जालन्याकडून मुंबईत आले, काही वर्षं बांधकामावर राबले आणि मग याच वस्तीत त्यांनी किराणा मालाचं छोटं दुकान टाकलं. तांदूळ, तूरडाळ, साखर, गूळ सगळं माझ्यावर तोललं जाई. रोज सकाळी फळी उघडली की ते मला रिकामाच उचलून धरत. समोर जे कोणी पहिलं गिऱ्हाईक असेल त्याला म्हणत, "आधी रिकामा बघा, मग बोला." काटा मधोमध उभा राहिला की मगच दुकान सुरू व्हायचं. बाजारातून मासळी आणलेल्या बायकासुद्धा वाटेत थांबून माझ्यावर खात्री करून घेत. मला त्याचा अभिमान होता.

एकदा गुळाची ढेप फोडताना हातोडी निसटली आणि माझ्या उजव्या पारड्याला चीर गेली. नवं पारडं मिळालं ते जुन्याहून हलकं होतं. काटा डावीकडे झुकू लागला. तेव्हा कुंडलिकरावांनी कुठून तरी एक लोखंडी नट आणला आणि तारेने उजव्या साखळीला बांधला. काटा पुन्हा मधोमध आला. हलक्या पारड्याला असं काही बांधतात त्याला पासंग म्हणतात. नवीन गिऱ्हाइकं विचारायची, "शेठ, हे काय लटकवलंय?" कुंडलिकराव चिडत नसत. "आधी रिकामा बघा," एवढंच म्हणत.

पुढे सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आले. कुंडलिकरावांचे गुडघे दुखू लागले आणि दुकान बंद झालं. मी पोटमाळ्यावर गेलो. माझं एक पारडं तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून होतं. दुसऱ्यात बरीच वर्षं संपलेले सेल आणि तुटक्या क्लिपा होत्या.

तिथून मला देवदत्त सरांनी खाली आणवलं. सर मुलुंडच्या एका शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. ज्यांची दहावी राहून गेली अशा मोठ्या माणसांसाठी विहारात दुपारचा वर्ग चालतो. तिथे ते शिकवतात. वर्ग चालवतात जानकीताई. त्या मूळच्या मालवणच्या. त्यांचे वडील गिरणीत होते. सरांनी मला फळ्याशेजारच्या लोखंडी कडीला टांगलं आणि म्हणाले, "समीकरण म्हणजे दुसरं काही नाही. हा तराजू आहे. जे इकडे कराल तेच तिकडे करा."

मी शिक्षक झालो, मित्रांनो. झुकणं आणि थांबणं यापलीकडे मला काही येत नव्हतं, तरी झालो.

वर्गात पहिल्या रांगेत मालन बसायची. मालन म्हणजे कुंडलिकरावांची सून. ती एका नर्सिंग होममध्ये आया आहे. रुग्ण उचलणं, पुसणं, कुशीवर वळवणं तिला येतं. पण रुग्णसहायकाचा कोर्स करायचा तर दहावी पास हवी. दोनदा ती दहावीला बसली. मराठीत चांगले गुण, सामाजिक शास्त्रांत बरे, गणितात नापास. भूमिती कशीबशी जमते, बीजगणिताच्या पेपरला हात थांबतो. पूर्वी दहावीला सामान्य गणित नावाचा सोपा पर्याय होता, तो आता नाही. नर्सिंग होमने सांगितलंय, यंदा दिवाळीपर्यंत दहावी झाली तर कोर्सला पाठवू, नाहीतर दुसरी कोणी बघू. जूनअखेरची पुरवणी परीक्षा ही तिची शेवटची संधी होती.

तिची मुलगी सपना दहावीतच. शाळा सुरू व्हायच्या आधी ती आईबरोबर वर्गाला येऊन बसायची आणि आईला छळायची.

"आई, पेशंटला एक्स गोळ्या देणारेस का तू?"

"तू गप गं. स्वतःचे मार्क बघ आधी."

"माझे मार्क बघून तू पास होणार का पण?"

याच सुमारास जानकीताईंनी ठरवलं की आसपासच्या अशा सगळ्या वर्गांनी मिळून सरकारकडे मागणी करायची. दहावी पास व्हायला बीजगणित सक्तीचं नको. आधी प्रत्येक वर्गाने आपलं मत ठरवायचं. त्यासाठी तो रविवार.

"माका सांगा सर," जानकीताई उभ्या राहिल्या. "मी इतकी वर्षं घर चालवते, हा वर्ग चालवते. मला कधी एक्स भेटला नाही रस्त्यात. मग या एक्सपायी माझ्या बायका का अडकायच्या?"

सर शांतपणे म्हणाले, "ताई, तो रस्त्यात भेटतो. तुम्ही त्याला नावाने हाक मारत नाही एवढंच. आणि आज गरिबांच्या मुलांना बीजगणित नको म्हणाल, तर उद्या ते फक्त पैसेवाल्यांची मुलं शिकतील. डॉक्टर, इंजिनिअर तेच होतील. हे चालेल?"

"म्हणजे पुढच्या पोरांच्या डॉक्टरकीसाठी मालनने आयाच राहायचं? अगो, बोल की तू!"

मागून एक रिक्षावाले काका म्हणाले, "सर, मीटरपण आपोआप हिशोब करतो हो."

"मग मीटर बिघडला की तुम्ही काय करता?"

"गिऱ्हाइकाशी भांडतो." सगळे हसले.

मी दोघांचंही ऐकत होतो. सर बोलले की मला वाटे बरोबर आहे. ताई बोलल्या की वाटे तेच बरोबर आहे. माझं आयुष्य कोण जड ते सांगण्यात गेलं, आणि इथे दोन्हीकडे नेमकं काय ठेवलंय तेच मला दिसत नव्हतं.

मत माझ्यावर घ्यायचं, ही सरांची कल्पना. एका आकाराच्या गोट्या आणल्या. सक्ती हवी असेल त्याने डावीकडे टाकायची, नको असेल त्याने उजवीकडे. सपनाने आदल्या दिवशी चिंच आणि मीठ लावून मला घासूनपुसून लखलखीत केलं होतं. एकेक जण येऊन गोटी टाकून गेला. जानकीताईंची गोटी उजवीकडे पडली, सरांची डावीकडे. सपनाने डावीकडे टाकली.

"का गं?" ताईंनी विचारलं.

"मला सोडवायला लागतंय ना, मग सगळ्यांनाच लागू दे."

मालनने मात्र आपली गोटी मुठीतच ठेवली होती. वीस गोट्या पडल्या आणि माझं डावं पारडं खाली गेलं.

"सक्ती हवी," सर म्हणाले, पण त्यांचा आवाज विजयाचा नव्हता.

ताईंनी पुढे होऊन गोट्या मोजल्या. डावीकडे दहा, उजवीकडे दहा. पुन्हा मोजल्या, तेच. "हे काय नवीन? गोट्या सारख्या आणि पारडं खाली?"

सभागृहात कुजबुज सुरू झाली. दाराजवळ भिंतीला टेकून कुंडलिकराव बसले होते. त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक बाई हसत म्हणाल्या, "बाबा, आमचा गूळ पण असाच तोलून दिलात होय?"

थट्टाच होती ती. पण कुंडलिकरावांचा चेहरा उतरला. गुडघ्यावर हात ठेवून ते उठले, माझ्याजवळ आले, उजवी साखळी चाचपली.

"माझा नट कुठाय?"

सपना हळूच म्हणाली, "आबा, तो गंजलेला होता. मला वाटलं उगाच अडकलाय. म्हणजे... मला वाटलं कोणी म्हणेल आबांनी काहीतरी झोल केला होता. म्हणून काढला."

"कुठे टाकलास?"

"कचऱ्यात. सकाळी गाडी आली ना."

म्हणजे एव्हाना तो कांजूरमार्गच्या कचऱ्याच्या डोंगरात पोचला होता.

कुंडलिकराव तिला रागावले नाहीत. ते सरांकडे वळले. "गुरुजी, आधी रिकामा का नाही बघितला?"

"दोन्ही बाजू समान आहेत, इथूनच सुरुवात करायची सवय आहे," सर म्हणाले.

"केवढा होता नट?" ताईंनी विचारलं.

"काय माहीत? अंदाजाने बांधला होता. काटा मधे येईस्तोवर बघितलं."

तेव्हा मालन उठली. तिने डब्यातून उरलेल्या गोट्या घेतल्या आणि माझ्या उजव्या पारड्यात एकेक टाकायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. काटा हलत होता. चौथी टाकल्यावर तो मधोमध येऊन थांबला.

"चार गोट्यांएवढा होता, मामा," ती सासऱ्यांना म्हणाली.

"आणि त्या दहा-दहा गोट्या?" सरांनी विचारलं. "त्या काढायला नको होत्या का आधी?"

"कशाला? त्या दोन्हीकडे सारख्याच आहेत ना. त्या आपसात भांडू देत. त्यांचं काय घ्यायचंय आपल्याला?"

सरांनी घाईघाईने खडू उचलला. फळ्यावर दहा, अधिक, एक्स असं काहीतरी लिहिलं, बरोबरच्या दोन रेघा काढल्या आणि म्हणाले, "हेच केलंस तू आत्ता! आता हे सोडव."

मालन फळ्यासमोर उभी राहिली. मी तिला जवळून बघत होतो. खडू तिच्या बोटांत होता आणि हात थांबला होता, पेपरला थांबतो तसाच. "सर, इथे नाही येत," ती म्हणाली. "तिथे दिसत होतं. इथे दिसत नाही."

मित्रांनो, त्या क्षणी माझा गोंधळ आणखी वाढला. तिला बीजगणित येतं की येत नाही? हातातून आलेलं धरायचं की फळ्यावर न आलेलं? माझ्याकडे हे तोलायला माप नाही.

सर आनंदाने म्हणाले, "बघा ताई! तिला येतं!"

ताई म्हणाल्या, "बघा सर! येऊनही ती नापासच होणार!"

"मालन, तुझी गोटी राहिली," कोणीतरी आठवण केली. दहा-दहाला मतं अडली होती. आता सगळं तिच्यावर होतं.

मालनने मूठ उघडून गोटीकडे पाहिलं. "आत्ता टाकली ना, तर भीतीने टाकली असं होईल. मला येत नाही म्हणून नको म्हणाले, असं होईल. पेपर देऊन येते. मग टाकते."

"आणि नापास झालीस तर?" सपनाने विचारलं. यावेळी ती चिडवत नव्हती.

"तर मग काय ते कळेल. तोपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

त्या दिवशी कुंडलिकरावांनी चार गोट्या फडक्याच्या तुकड्यात बांधल्या आणि ती पुरचुंडी माझ्या उजव्या साखळीला तारेने लटकवली. लटकवल्यावर वीसही गोट्या काढून मला रिकामा धरला. "बघा," ते म्हणाले. सगळ्यांनी बघितलं. काटा मधोमध होता. मग दहा गोट्या इकडे आणि दहा तिकडे परत ठेवल्या.

मित्रांनो, एक विनंती करतो. एखाद्या जुन्या वस्तूला काही बांधलेलं दिसलं तर ते ओढून काढण्याआधी विचारा, हे कशासाठी आहे? आणि तेवढ्यावर थांबू नका. ज्याच्यासाठी ते बांधावं लागलं ते पारडं हलकंच का राहिलं, आणि ते कोणी नीट का केलं नाही, हेही विचारा. माझ्या बाबतीत पहिला प्रश्न सपनाने विचारला नाही. दुसरा मी स्वतःही कधी विचारला नव्हता.

परीक्षा झाली. बीजगणिताचा पेपर देऊन मालन ड्युटीच्या निळ्या कोटातच विहारात आली. तिला परत कामावर जायचं होतं. सर उठून उभे राहिले, ताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "कसा गेला?" दोघांनीही एकदमच विचारलं.

"सगळी गणितं लिहिली," ती म्हणाली. बरोबर की चूक ते बोलली नाही. पिशवीतून गोटी काढली, माझ्यासमोर आली, एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. मग ती गोटी फळ्याखालच्या खडूच्या पट्टीवर ठेवली आणि म्हणाली, "निकाल लागू दे."

निकाल अजून लागलेला नाही. ताईंची मागणी अजून गेलेली नाही. माझ्या दोन्ही पारड्यांत दहा-दहा गोट्या आहेत आणि काटा मधोमध आहे. आज सकाळी सपनाने फळा पुसला, पट्टीवरची खडूची भुकटी झाडली. गोटी उचलून तिने खालची जागाही पुसली आणि गोटी होती तिथेच परत ठेवली.