वडील माझ्याकडेच असतात

परदेशातल्या नव्या शहरात तिला सगळ्यात आधी जमलं ते खोटं बोलणं. दाराचं अडेल कुलूप आणि बसचे रस्ते त्यानंतर जमले. दातांच्या कवळ्या बनवण्याच्या वर्कशॉपमध्ये ती कामाला लागली, त्या पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने, ज्याला सगळे मास्तर म्हणत, डबा उघडता उघडता विचारलं, "घरी कोण कोण?" आणि ती पटकन बोलून गेली, "मी आणि वडील. वडील माझ्याकडेच असतात."

वडील मायदेशी वृद्धाश्रमात होते. घर लागलं की न्यायला येते, असं निघताना ती त्यांना सांगून आली होती. धाकटा भाऊ आश्रमापासून हाकेच्या अंतरावर राहायचा, पण त्याच्या घरात वडिलांना जागा नव्हती, आणि त्याला खडसवायला हिला तोंड नव्हतं, कारण आश्रम हिनेच शोधला होता. आता घर लागलं होतं. एक उन्हाची लहान खोली रिकामीही होती. तिने तिथे आधी सामानाची खोकी ठेवली, मग कपडे वाळत घालायचा स्टँड, आणि शेवटी दार ओढून घेतलं. वडील फोनवर फक्त "कधी येतेस?" एवढंच विचारत, म्हणून तिने फोन कमी केले. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असं ती स्वतःला सांगे. आपल्याच बापाला टाळायचं असलं की माणसाला अशी शहाणी वाक्यं बरोबर सुचतात.

मग एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी तिला जिन्यात गाठलं. "वडिलांना सांगा, उतरताना कठडा धरत जा म्हणावं. या वयात कसली घाई?"

वर्कशॉपमधली गोष्ट फिरत फिरत इथवर आली असेल, असं तिला वाटलं. नाही म्हणायचं तर खोटं कबूल करावं लागलं असतं. "सांगते," ती म्हणाली.

पुढे कोपऱ्यावरच्या फळवाल्याने तिने निवडलेली केळी परत घेतली आणि चांगली पिकलेली पिशवीत घातली. "आजोबांना कडक चालत नाहीत, ताई. तुम्हाला ठाऊक नाही?" ती ओशाळून हसली. आपल्यासारखीच दुसरी कोणी मुलगी असेल, दुसरे कोणी आजोबा असतील, अशी तिने मनाची समजूत घातली, पण त्यानंतर ती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जाऊ लागली.

एके दुपारी ती बाहेरचं काम उरकून परतली, तर मास्तर एकटाच हसत बसला होता.

"तुझे वडील येऊन गेले. कवळी सैल झालीय त्यांची. मी म्हटलं, आजोबा, दात काढा. तर माझ्याकडे बघून नुसते हसतच बसले! अवली माणूस आहे."

ही थट्टा वडील तिच्याशी करत. त्यांची कवळी तिनेच बनवली होती.

"त्यांचा साचा ओतलाय, बघ," मास्तर म्हणाला.

टेबलावर खालच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा होता. तिने तो उचलून त्यावरून अंगठा फिरवला. डावीकडे हाडाचा तो बारीक उंचवटा होता, जिथे कवळी नेहमी टोचायची आणि जिथे तिने ती पुन्हा पुन्हा घासून दिली होती. असा जबडा दुसऱ्या कोणाचा नव्हता. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, हे तिला ठाऊक होतं. तरी ती ऊब हाताला लागताच तिने साचा खाली ठेवला.

बाहेर जाऊन तिने आश्रमात फोन लावला. तिथल्या मावशी आधी हसल्या. "थट्टा करता का, ताई? तुम्हीच तर घेऊन गेलात त्यांना. पिशवी मीच उचलून दिली तुमच्या हातात. किती खूश होते! मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही."

ती काही बोलणार एवढ्यात भावाचा फोन आला. त्याला मावशींकडून आधीच कळलं होतं. "न सांगता नेलंस ना, ताई? बरं केलंस. माझ्या हातून नाहीच झालं काही." त्याचा आवाज भरून आला. "दे ना बाबांना, दोन शब्द बोलतो."

खरं सांगायची हीच वेळ होती. ते माझ्याकडे नाहीत, एवढं म्हटलं असतं तर भाऊ धावला असता, मावशी धावल्या असत्या, कोणीतरी त्या म्हाताऱ्याला शोधायला बाहेर पडलं असतं. पण भाऊ पहिल्यांदाच तिला बरं म्हणत होता.

"झोपलेत रे," ती म्हणाली.

"मग नको उठवूस," तो म्हणाला. आता त्यांना शोधणारं जगात कोणी उरलं नाही.

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा घरमालकीणबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या नाहीत.

"कोणाकडे?" त्यांनी विचारलं.

"वर," ती म्हणाली.

"वर एक म्हातारे गृहस्थ असतात. एकटेच. मुलगी आहे म्हणतात, पण मी तरी कधी तिला पाहिली नाही." बाईंनी तिला नीट न्याहाळलं आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "तुम्ही त्यांच्या कोण?"

वरच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला आणि कोणीतरी जिन्याच्या टोकाशी येऊन थांबलं. वाट पाहणारं माणूस थांबतं, तसं.

"कोणी नाही," ती हळूच म्हणाली, वर ऐकू जाऊ नये अशा बेताने. "घर चुकलं."