बघूया

“बघूया,” साहेब म्हणाले आणि फोन कानाला लावून काचेच्या केबिनमध्ये निघून गेले.

पॅकिंगच्या लाइनवरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहून ओठ चावले. ताई मात्र उघड हसली. लाइनवरच्या वयस्कर मावशीसाठी एक स्टूल मागायला तिनेच साहेबांना गाठलं होतं आणि उत्तर काय येणार हे तिला आधीच ठाऊक होतं. याआधीचे साहेबही हेच म्हणाले होते, त्यांच्या आधीचेही. कंपनी एवढी मोठी, की साहेब बदलत राहत. शब्द तेवढा जाताना प्रत्येक जण टेबलाच्या खणात ठेवून जात असावा.

बायकांनी त्या शब्दाची पार वाट लावली होती. पंखा बंद पडला की तो ‘बघूयात गेला’. डबा नासला की “माझी भाजी बघूया झाली.” ताईच्या घरी तर गळक्या नळाचं नावच बघूया होतं. “बघूया नीट बंद केलास का गं?” असं तिचा नवरा रोज अंथरुणातून ओरडायचा.

मावशीचा गुडघा मात्र आता थट्टेवारी नेण्यासारखा राहिला नव्हता. दिवसभर उभ्याने खोक्यांत बल्ब भरायचे. दुपारनंतर एक हात कामाला आणि दुसरा टेबलाच्या कडेला, अशी ती कशीबशी शिफ्ट काढायची. नोकरी सोडा म्हणून सून मागे लागली होती.

“घरी बसून काय भिंती बघू?” मावशी म्हणायची. “इथे निदान तुमची तोंडं तरी दिसतात. जरा बसायला मिळालं ना, तर अजून दोन-चार वर्षं सहज ओढीन मी.”

पण उभ्याने काम भराभर होतं, असं वरच्या कोणीतरी ठरवलं होतं. ठरवणारा अर्थातच बसून ठरवत असणार. भिंतीवर मात्र ‘कर्मचारी हाच आमचा आधार’ अशी चकचकीत पाटी लागली होती. मावशी नेमकी तिच्याखालीच भिंतीला टेकायची.

त्याच आठवड्यात साहेबांनी ताईला आत बोलावलं. फार बोलते म्हणून आता झाडणार, असं तिला वाटलं. पण साहेबांनी तिला चक्क सुपरवायझर केलं.

“बायका तुमचं ऐकतात,” ते म्हणाले. “यापुढे त्यांच्या तक्रारी तुमच्याकडे. माझ्यापर्यंत आणायच्या नाहीत.”

ताईला आनंद झाला, खोटं कशाला बोला. लहानशी का होईना, तिला स्वतःची केबिन मिळाली, टेबल मिळालं आणि चाकांची फिरती खुर्ची मिळाली. घरी नवऱ्याने तिला बसल्या जागी चहा आणून दिला.

“काय साहेबीणबाई, आमच्या नळाचं काय?”

“बघूया,” ती ऐटीत म्हणाली, आणि दोघं पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी, कोणी बघत नाहीसं पाहून तिने खुर्चीत एक गिरकी घेतली. मग वरून आलेले कागद पुढे ओढले. एवढ्यात दाराची चौकट धरून मावशी उभी राहिली.

“ताई, आता तुझ्याच हातात आहे बघ. माझ्या स्टुलाचं तेवढं…”

“बघूया,” ताई म्हणाली. मान वर न करताच.

स्वतःचाच आवाज कानावर पडला आणि तिने चटकन मान वर केली. मावशीने थट्टा केली असती तर बरं वाटलं असतं. पण मावशी हसलीसुद्धा नाही. “सवडीने बघ हो,” एवढंच म्हणून ती लंगडत लाइनवर गेली.

ताईला स्वतःची भयंकर लाज वाटली. एका सकाळीत! बाकीच्या साहेबांना निदान आठवडा तरी लागला असेल. ती ताडकन उठली आणि खुर्ची ढकलत बाहेर आली.

“बस.”

“अगं, ही तर तुझी…”

“बस म्हणते ना मावशी.”

मावशी बसली. खुर्ची सर्रकन मागे गेली तशी ती “अगं बाई!” म्हणून किंचाळली. सगळ्याजणी हसल्या. शेजारणीने चाकाखाली पुठ्ठ्याची घडी सारून दिली.

दुपारी साहेब फेरीवर आले आणि खुर्चीपाशी थबकले. मावशी उठायला लागली. ताईने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“ही खुर्ची इथे कशी?”

“मावशींचा गुडघा दुखतो, साहेब.”

“एकीला दिली की सगळ्या मागतील.”

“मागतीलच की,” ताई म्हणाली. “उठवायचं असेल तर तुम्ही उठवा त्यांना. मी नाही उठवणार.”

साहेबांनी मावशीकडे पाहिलं. ती मान खाली घालून बल्ब भरत होती, आज दोन्ही हातांनी. साहेबांचा फोन वाजला.

“बघूया,” ते म्हणाले आणि निघून गेले.

“म्हणजे? खुर्ची ठेवायची की न्यायची?” शेजारीण कुजबुजली.

“अगं वेडे, बघूया म्हणालेत ना!” मावशी म्हणाली. “आता मी रिटायर होईपर्यंत ही खुर्ची इथून हलत नाही.”

लाइनभर हशा पिकला. ताई केबिनमध्ये परतली, टेबलाशी उभी राहिली आणि उभ्यानेच कागद वाचू लागली. मध्येच तिने काचेतून बाहेर पाहिलं. मावशीने इकडेतिकडे नजर टाकली, पुठ्ठा पायाने बाजूला सारला आणि हळूच एक गिरकी घेतली.

आपण पाहिलंय हे तिला कळू नये म्हणून ताईने पटकन मान खाली घातली.