जेलागतची एक पिशवी

जेलागतला काय मिळणार होतं, हे केनियात इटेनला आमच्या धावपटूंच्या छावणीत तिच्यापेक्षा इतरांनाच जास्त पाठ होतं. सोळा दिवसांनी युरोपातली मॅरेथॉन. पहिल्या पाचांत आली तर बक्षिसाच्या पैशांत वडिलांच्या शेताला लागून चार एकर, वर तीन दुभत्या गाई. शिवाय सहा वर्षं ती दुसऱ्यांना वेग धरून द्यायला पळत होती आणि तिसाव्या किलोमीटरला निमूट बाजूला होत होती. यंदा पहिल्यांदाच तिला शेवटच्या रेषेपर्यंत पळायचं होतं. गाईंपेक्षा तिला त्याचंच अप्रूप. अडलं होतं फक्त शेवटच्या रक्ततपासणीपाशी.

रक्त मी काढतो, दर मंगळवारी न्याहारीआधी; एकेकीची पाळी महिन्यातून एकदा. पोरी मला डास म्हणतात.

"आला बघा डास! आज कुठला हात हवाय?"

"धुतलेला असेल तो दे."

नळ्या एल्डोरेटच्या प्रयोगशाळेत गेल्या, दुपारी फोनवर आकडे आले. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. गेल्या महिन्यात जेलागतचं हिमोग्लोबिन चौदा पूर्णांक तीन होतं. आज बारा पूर्णांक आठ. मेहनत वाढली की रक्त जरा पातळ होतं, ते मला कळतं. पण इतकं नाही. खालची ओळ तर त्याहून वाईट होती. कोवळ्या लाल पेशी दुपटीवर गेल्या होत्या, म्हणजे शरीर घाईघाईनं भरपाई करायला लागलं होतं. अंगातलं रक्त कुठंतरी गेलं की असं होतं, आणि धावपटूचं रक्त कुठं जातं याच्या गोष्टी आम्ही सगळ्यांनी ऐकलेल्या. पिशवीत काढायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं, शर्यतीच्या तोंडावर परत चढवायचं. पकडली गेली तर तिच्यावर बंदी आणि छावणीला कुलूप.

कोच यातिचना फोन दाखवला. ते खुर्चीत बसले नाहीत, कोसळले.

"जेलागत? अरे, ती डोकेदुखीची गोळी घेतानाही मला विचारते!"

तिला ते एकटीला बोलावतील असं मला वाटलं होतं. ते थेट जेवणघरात गेले. सगळे मक्याच्या पिठाची उगाली खात होते.

"पिशवी कुठंय?"

"कुठली पिशवी, कोच?"

"रक्ताची! कुणाच्या फ्रिजमध्ये ठेवलीस?"

घास हातातच राहिले. जेलागतनं तिचा परत ताटात ठेवला.

"फ्रिजमध्ये नाहीये."

"मग?"

"फेथच्या अंगात आहे."

आमच्या स्वयंपाकीणबाई टेक्लामामा (आमच्याकडे मामा म्हणजे आई) तेव्हा चहा ओतत होत्या. फेथ त्यांची मुलगी. बारा दिवसांपूर्वी बाळंतपणात तिचं रक्त थांबेना, आणि इस्पितळानं नातेवाइकांना रक्त आणायला पिटाळलं होतं. पेला भरला, चहा टेबलावरून कोचच्या बुटांवर आला, तरी मामा ओततच राहिल्या.

"तू होतीस? मला वाटलं, चर्चमधलं कुणीतरी देवमाणूस..."

"मामा, तुम्ही वाढता वाढता एकेकाला विचारलंत. सगळ्यांनी ताटात बघितलं. मीपण बघितलं. पण मग तो घास उतरेना."

"एका शब्दानं सांगायचंस तरी!" कोच ओरडले.

"सांगितलं असतं, तर जाऊ दिलं असतंत?"

तिनं खिशातून रक्तदानाचं कार्ड काढून त्यांच्यापुढे सरकवलं. तारीख, शिक्का, फेथचं नाव, सगळं जागच्या जागी.

कोचनी तिथूनच युरोपातल्या मॅनेजरला फोन लावला. त्याचा विश्वास बसला. पण त्यानं रक्त थोडंच भरून येतं? त्याला दीड महिना तरी लागतो, हातात सोळा दिवस. मॅनेजर म्हणाला, मुलगी चोख आहे, पण अर्ध्या टाकीवर मी तिला उभी करणार नाही, दुसरीला पाठवा. दुसरी म्हणजे चेमेली. ती जेलागतच्या गळ्यात पडून खूप रडली आणि रडत रडतच बॅग भरायला गेली.

जेलागत ताटावर वाकली आणि गार झालेली उगाली संपवायला लागली. "पुढच्या वर्षी मला परत तिसाव्या किलोमीटरला काढू नका, एवढंच," ती म्हणाली. कोचनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते मला कळलं नाही.

फेथ वाचली. मुलगा तीन किलो शंभर ग्रॅमचा. चेमेलीला तिकीट मिळालं, छावणीचं नाव शाबूत राहिलं, कोचना नवे बूट घ्यावे लागले नाहीत. मामांनी विचारलेली धडधाकट माणसं, मला धरून, तेवीस. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो, सर्दी झालीय. मला सर्दी नव्हती.

पुढच्या मंगळवारी पोरींच्या नळ्यांबरोबर मी माझीही एक पाठवली. आकडा आला पंधरा पूर्णांक चार. माझा थेंबही कमी झाला नव्हता.