फाटकासमोरचे पाव

तालुका कचेरीच्या फाटकासमोर माझी वाफेवरच्या पावांची गाडी आहे. त्याच फाटकासमोर फान श्यूलानने आपल्या लेकीचं प्रेत ठेवलेली बर्फपेटी आणून ठेवली होती.

त्या लेकीला, यिंगला, गेंगच्या पोराने गाडीखाली घेतलं. गेंग म्हणजे आमचा उपतालुकाप्रमुख. पोरगा ड्रायव्हरच्या जागेवरून उतरला तेव्हा अर्ध्या बाजाराने पाहिलं, मीही पाहिलं. पण गुन्हा अंगावर घेऊन पोलिसांत हजर झाला तो गेंगचा ड्रायव्हर. पोरगा म्हणे त्या दिवशी गावातच नव्हता! डोळ्यांत धूळ फेकायची, तर ती निदान लपूनछपून तरी फेकावी.

श्यूलानचं मागणं एकच. खऱ्या गुन्हेगाराला धरा, मगच पोरीला जाळू देईन. एकदा जाळलं की प्रकरण मिटलं, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं.

लोक भडकले. फोनवर टाकलेले व्हिडिओ पुसले जात, लोक पुन्हा टाकत. कुठल्या कुठल्या शहरांतली अनोळखी माणसं फोनवरून माझ्याकडे पाव मागवत आणि सांगत, फाटकासमोर उभ्या असलेल्यांना वाटा. मी वाटायचे आणि कचेरीच्या नावाने बोटं मोडायचे. फार बरं वाटायचं.

कचेरीने पोलीस धाडले नाहीत. तेवढे ते हुशार आहेत. माणूस वाकत नसला की त्याचा सरकारी नोकरीतला नातेवाईक शोधायचा, ही त्यांची रीत. श्यूलानचा धाकटा भाऊ तेमिंग शाळामास्तर. त्याला पाठवलं.

तो आला आणि सरळ बहिणीपुढे गुडघे टेकून बसला.

"ताई, जाळू दे तिला."

"तू तिचा मामा ना रे?"

"तू ऐकेपर्यंत शाळेत पाऊल टाकायचं नाही म्हणालेत. यिंगच्या मामीलाही दवाखान्यातल्या नोकरीवरून घरी बसवलंय. मी काय करू, ताई?"

"किती मिळाले, मास्तर?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"गेंगचं कुत्रं!"

पहिला पाव त्याच्या कानावर बसला. माझाच, गरम. मग बाटल्या, चपला, लाथा. चष्मा फुटला. "अरे, तो तिचा भाऊ आहे!" मी घसा फोडून ओरडले. पण इतके दिवस साठलेला राग हाताशी आलेलं माणूस सोडतो होय? मला त्या सगळ्यांची किळस आली.

श्यूलान भावाच्या अंगावर आडवी पडली.

"नका रे मारू! माझं एवढंच माणूस उरलंय."

गर्दी थबकली. तिने बाहीने त्याच्या तोंडावरचं रक्त पुसलं. पेटीवरचा पांढरा कपडा सारखा केला.

"जा, सांग त्यांना," ती भावाला म्हणाली. "घेऊन जा म्हणावं तिला."

तेवढ्यात फाटक उघडलं. गेंगची काळी गाडी सावकाश बाहेर पडली. ड्रायव्हर तुरुंगात होता, त्यामुळे गाडी पोरगाच चालवत होता. गर्दीने बाजूला सरून वाट दिली. फेकायला कोणाच्या हातात काही उरलं नव्हतं.