‘नंतर सांगते’

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. एका लांबलचक टेबलाशी तुम्ही जेवायला बसला आहात. समोर भाजलेला टर्की पक्षी आहे, लोणी घातलेले बटाटे आहेत, क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी आहे. घरची सगळी माणसं बोलताहेत, खिदळताहेत, आणि त्यातला एक शब्दही तुमच्यापर्यंत पोचत नाही. तुम्ही शेजारच्याची बाही ओढून विचारता, ‘काय झालं?’ तो म्हणतो, ‘काही नाही रे, नंतर सांगतो.’ आणि ते ‘नंतर’ कधीच येत नाही.

किती वेळ गप्प बसाल?

दहा वर्षांची सिग्ने दर थँक्सगिव्हिंगला, म्हणजे आभार मानायच्या सणाला, अमेरिकेत मिनेसोटातल्या आपल्या आजीच्या घरी अशीच बसत आली होती. ती जन्मापासून बहिरी. आठवडाभर दूरच्या कर्णबधिरांच्या शाळेत राहायची, शुक्रवारी बसने घरी यायची. शाळेत जेवणाची टेबलं गोल होती, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसत. तिथे सिग्नेची बडबड इतकी चाले, की ती थांबवायला बाईंना खोलीतले दिवे लावून-विझवून सगळ्यांना आपल्याकडे बघायला लावावं लागे.

घरी मात्र बोलायला कोणी नव्हतं. आईला खुणांचे मोजके शब्द येत: जेव, झोप, अंघोळ, आणि ‘नंतर’. एका हाताचा अंगठा दुसऱ्या तळव्यावर टेकवायचा, तर्जनी पुढे झुकवायची, की झालं ‘नंतर’. ही एकच खूण अख्ख्या घराने शिकून घेतली होती. अर्विडकाकानेसुद्धा.

त्या दुपारी आजीने पेल्यावर चमचा वाजवला. घरच्या रिवाजाप्रमाणे आता एकेकाने आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं होतं. काकाने नव्या ट्रॅक्टरचे आभार मानले, टोरा आत्याने गुडघ्याच्या डॉक्टरांचे. सिग्नेने आपलं म्हणणं बसमध्येच जुळवून ठेवलं होतं. शाळेच्या वसंतातल्या नाटकात तिला लांडग्याचं काम मिळालं होतं. तिची पाळी आली. तिने हात उचलले.

“आमची सिग्ने तिच्या नव्या बुटांबद्दल आभारी आहे,” आई म्हणाली.

सगळे सिग्नेकडे बघून गोड हसले आणि माना पुढच्या माणसाकडे वळल्या. उचललेले हात तसेच राहिले. आपल्या तोंडी काय घातलं गेलं, हेसुद्धा तिला कळलं नाही.

मग बोलणं सुरू झालं. तिला कोणी सांगितलं नाही, तुम्हाला मी सांगतो.

“मग, हिची शाळा बदलायचं ठरलं का?” आत्याने विचारलं.

“जवळजवळ ठरलंच,” बाबा म्हणाले. “जानेवारीपासून गावातल्या शाळेत. रोज घरी तरी असेल.”

“तिला सांगितलंत?” आजी म्हणाली.

“सांगू हो, आई,” बाबा म्हणाले. “ आधी सगळं पक्कं होऊ दे. सणाच्या दिवशी उगाच तोंड फुगवून बसेल.”

“घरात चार माणसं बोलणारी असली, की आपोआप बोलायला लागेल पोरगी,” मिशीवरचा रस्सा पुसत काका म्हणाला.

“तू चाळीस वर्षं बोलतोयस, अर्विड,” आत्या म्हणाली. “कोणाला काही कळलंय का अजून?”

टेबल खदखदून हसलं.

सिग्नेने हलणारे खांदे पाहिले. काकाचे शब्द मिशीतच अडकायचे, आत्या चावता चावता बोलायची. बाबांचे ओठ मात्र तिला थोडेफार वाचता येत. ‘गावातली शाळा’. ‘जानेवारी’. आणि प्रत्येक जण तिच्याकडे पाहून चटकन नजर काढून घेत होता. तिने बाबांची बाही ओढली. माझी शाळा? जानेवारीत काय?

बाबांनी तोंडभर हसून तळव्यावर अंगठा टेकवला. नंतर.

राग येतो ना? यायलाच हवा. तिचं वर्ष, तिच्या मैत्रिणी, तिचा लांडगा, सगळं तिच्या ताटासमोर वाटून टाकलं जात होतं, आणि तिला वाढले काय, तर बटाटे.

सिग्ने उठली. भिंतीपाशी गेली. बाहेर आभाळ गच्च भरून अंधारलं होतं. तिने दिवे विझवले, लावले. पुन्हा विझवले, पुन्हा लावले.

“फ्यूज गेला वाटतं,” काका म्हणाला. पण सगळ्या माना वर झाल्या होत्या.

आता ती बोलली. दोन्ही हातांनी, भरभर. नाकापासून मूठ पुढे ओढून लांडग्याचं तोंड केलं. मैत्रिणींची नावं घेतली. गावातल्या शाळेत मी कोणाशी बोलू, असं विचारलं. जानेवारी कोणी ठरवला, असं विचारलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पुसायला हात मोकळे नव्हते.

ती थांबली.

“काय म्हणते ही?” आजीने विचारलं.

आईने प्लेटकडे पाहिलं. “मला... मला नाही कळलं.”

मग आजीने सिग्नेकडे वळून भुवया उंचावल्या. काय?

सिग्नेने अंगठा तळव्यावर टेकवला आणि बोट पुढे झुकवलं.

नंतर सांगते.

काका हसायला लागला.

“तू आपल्या ताटात बघ, अर्विड,” आत्या म्हणाली.

आजी उठली. आपली खुर्ची ओढत टेबलाला वळसा घालून आली आणि दिव्याच्या उजेडात, सिग्नेच्या अगदी समोर बसली. ‘आत्ता’ची खूण तिला येत नव्हती. तिने बोट खाली रोखलं, इथे, आणि हात मांडीवर ठेवून बघत राहिली.

सिग्नेचा राग गेला नव्हता. तरी तिने एक तळवा दुसऱ्यावर दोनदा आपटला. शाळा. आजीनेही तसंच केलं, जरा वाकडंतिकडं. सिग्नेने तिचा हात धरून सरळ केला.

पण पुढचा शब्द तिने काढला नाही. तिने मान वळवून आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. पुन्हा तळव्यावर तळवा. आणि त्या दोघांचे हात टेबलावरून उठेपर्यंत ती तोच एक शब्द म्हणत राहिली.