ताईच्या जिभेखालचा पारा

मी थर्मामीटर बोलतोय. जुना, काचेचा, आत पारा असलेला. आजकालचे माझे बटणवाले भाऊबंद टीं टीं करतात आणि लगेच सगळं विसरतात. माझं तसं नाही. एकदा चढलेला पारा, कोणी मला झटकेपर्यंत, जागचा हलत नाही. माझी ही खोड लक्षात ठेवा.

माझा जन्म काच फुंकणाऱ्यांच्या कारखान्यात झाला. औषधाच्या दुकानातून मला एका आईने घरी आणलं, पण वापरलं ते तिच्या थोरल्या लेकीने. धाकट्या भावाला ताप आला की ती मला त्याच्या काखेत धरून बसायची. "हलू नकोस रे माकडा!" लग्नानंतर ती मला सासरी घेऊन गेली. सगळे तिला ताई म्हणायचे, मीही तेच म्हणतो.

ताई शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायची. नवरा बेकरीत रात्रपाळीला. तो पहाटे घरी यायचा, तेव्हा ती उठायची. दिवसभरात दोघांची गाठ तेवढीच. गरम पाव, चहा आणि गप्पा.

मूल होईना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "रोज उठल्या उठल्या, एक शब्दही न बोलता, अंगाची उष्णता मोजायची. गर्भ राहण्याचे दिवस त्यावरून कळतात." झालं! मी ताईच्या जिभेखाली आणि नवरा समोर गप्प. त्यांची बोलायची वेळ मीच खाल्ली. पारा बघून दोघांची तोंडं उतरायची. मग ताई मला झटकायची. कालची आशा झटकून रोज नवी धरायची. तसं मनगट मी दुसरं पाहिलं नाही.

सासूबाई टोमणा मारायच्या, "गाडीभर पोरं फिरवतेस, घरात मात्र एक नाही."

"आई, गाडीतली संध्याकाळी परत करता येतात. तुमचा हा लेक कुठे परत करू?"

सासूबाईंनाही हसू आवरायचं नाही. पण नंतर ताई नळ सोडून रडायची.

हळूहळू नवरा उशिरा यायला लागला. एका पहाटे आला आणि मी ताईच्या तोंडात आहे हे बघून घाईघाईने म्हणाला, "आई माझ्या दुसऱ्या लग्नाचं बघतेय. मी अजून नाही म्हटलेलं नाही."

बेट्याने वेळ बरोबर साधली होती! ताईने मला अर्ध्यातच बाहेर काढलं.

"आता तोंड रिकामं आहे. परत बोल."

तो पावाची पुडी सोडायला लागला.

"मूल मलाही हवंय. तुझ्यापेक्षा काकणभर जास्तच. पण आपलं बोलणंच संपलं, तर ते मूल येऊन बघणार काय? जायचं तर जा. राहायचं असेल, तर आत जाऊन आईंना सांग. आत्ता. आणि येताना चहा टाक."

तो आत गेला. सासूबाईंचा आवाज चढला, मग त्याचाही. थोड्या वेळाने चहाचा वास आला. त्या दिवशी व्हॅन उशिरा निघाली. मी कपाटात गेलो. बेकार झालो, पण बरं वाटलं.

मूल झालं नाही. ते दुःखही गेलं नाही. व्हॅनमधल्या एखाद्या पोराने झोपेत तिच्या खांद्यावर मान टाकली, की त्या दिवशी घरी ती ते सांगायची आणि पुन्हा नळ सोडायची. पण पहाटे त्या घरातून हसणं ऐकू यायचं.

यंदा ताईला ताप आला. तो उतरलाच नाही. शेवटचा पारा नवऱ्याने बघितला आणि मला तसाच उशाशी ठेवला.

भेटायला आलेल्या एक काकू म्हणाल्या, "बिचारी! मागे काहीच राहिलं नाही हो तिचं."

"बाहेर व्हा!" धाकटा भाऊ ताडकन उठला. काकू चपला घेऊन निघाल्यासुद्धा. हाताला काही हवं म्हणून त्याने मला उचललं आणि लहानपणापासून पाहिलेल्या सवयीने मनगट उगारलं. ते त्याच्या दाजींनी घट्ट धरलं.

"झटकू नकोस रे. तिचा आहे तो पारा."

मग दोघंही मला हातात धरून रडले.

आता मी कपाटात, मऊ फडक्यात असतो. यापुढे कोणाचा ताप मोजायचा नाही मला. एवढंच मागतो: मला उन्हात ठेवू नका, आणि झटकू नका. ताईची ऊब माझ्यात अजून तशीच उभी आहे.