दोघांत एकच माइक

मी एक माइक बोलतोय. जुना, जड, लोखंडी जाळीचा. माझी पहिली तीस वर्षं एका रेडिओ केंद्रात हवामान आणि रग्बीच्या बातम्या ऐकण्यात गेली. मग नवे माइक आले आणि माझी रवानगी खोक्यात झाली. ऑकलंडच्या न्यू लिन भागातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून संपदानं मला घरी आणलं.

संपदा पुण्याची. ऑकलंडला शिकायला आली, इथलीच झाली, साउंड रेकॉर्डिंग करू लागली. तिचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. ''बाबांची एक फुंकरसुद्धा कुठे रेकॉर्ड नाही रे,'' मला पुसता पुसता ती कॅमेरामन नितीशला म्हणाली होती. इथल्या ब्लूग्रास आणि जुनं कंट्री, म्हणजे अमेरिकन खेड्यापाड्यांतलं बँजो-गिटारचं संगीत वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांना एकत्र आणून त्यांच्या कार्यक्रमाची डॉक्युमेंटरी करायची, हे तिनं त्यानंतरच ठरवलं.

ऑकलंडमधल्याच हिल्सबरोचा छोटा हॉल, रविवारची दुपार. स्पीकर नव्हते, मी फक्त रेकॉर्डिंगपुरता. बँजो झाला, फिडल झालं. शेवटी ट्रेव्हर आणि नोलीन उठले. भाऊ अठ्ठ्याहत्तरचा, बहीण दोन वर्षांनी धाकटी. लहानपणापासून जोडीनं गायलेले. पण आईच्या अंत्यविधीत कोणी गायचं यावरून बिनसलं आणि अकरा वर्षं बोलणं बंद. संपदानं दोघांना वेगवेगळे कितीतरी फोन केले, तेव्हा कुठे ते आले.

''दोन माइक लावू या ना,'' नितीश कुजबुजला. ''फारच ऑकवर्ड होईल त्यांना.''

''नको. हे लोक एकाच माइकवर गातात.''

ते माझ्या दोन बाजूंना उभे राहिले. नोलीन खाली बघत होती. ट्रेव्हरनं गिटारची तार छेडली आणि हात थांबवला.

''नोली,'' तो अगदी हळू म्हणाला, ''मंगळवारी ऑपरेशन आहे. घशात कॅन्सर आहे. स्वरयंत्रच काढणार आहेत.''

तिचा श्वास अडकलेला मला कळला.

''हे आत्ता सांगतोस?''

''आत्ता तू जवळ उभी आहेस.''

लोकांना वाटलं, सूर जुळवताहेत. मग ती एक पाऊल पुढे सरकली, तिचा खांदा त्याच्या खांद्याला टेकला, आणि ते गायले. दुसऱ्या कडव्यात त्याचा आवाज फाटला. तिनं आपला सोडून त्याचा सूर धरला. हेडफोन लावून बसलेली संपदा रडत होती.

''हे बोलणं फिल्ममध्ये पाहिजेच!'' नितीश नंतर म्हणाला.

''त्यांना विचारल्याशिवाय नाही.''

तीन आठवड्यांनी ती ट्रेव्हरच्या घरी गेली. मी तिच्या बॅगेत होतो. दार नोलीननं उघडलं. ट्रेव्हरच्या गळ्याला पट्टी होती. त्यानं ते रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. नोलीनकडे पाहिलं, तिनं मान हलवली. मग त्यानं पाटीवर लिहिलं : ''गातानाच्या माझ्या खूप टेप आहेत. साधं बोलतानाचं एवढंच आहे. ठेव.''

फिल्म झाली. ट्रेव्हर या जूनमध्ये गेला.

आता मी संपदाच्या टेबलावर असतो. अजून रेकॉर्ड न झालेल्या म्हाताऱ्या वादकांची यादी समोरच असते, ती एकेकाला फोन लावते. कधी कधी फोन त्या वादकाचा मुलगा उचलतो, आणि संपदा नुसतं ''आय अ‍ॅम सॉरी'' म्हणून ठेवून देते.

तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्याला एकदा माझ्यासमोर बसवा. लवकर बसवा. गाणं येत नसलं तरी चालेल.